साथीच्या काळात पेशंट दवाखान्यात असेल तर: कोल्हापुरात नवख्या असलेल्या नातेवाइकांसाठी

कोल्हापूर भागात कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं की त्याला भेटून येणं हे देणं असतं. कोण आलं, कोण आलं नाही, कोण शहाळं घेऊन आलं आणि कोण हात हलवत आलं, हे पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवलं जातं. वडाप, म्हणजे शेअर जीप, भरून माणसं येतात, पेशंटच्या उशाशी पाच मिनिटं बसतात, ‘काळजी करू नको’ म्हणतात आणि परत जाताना महाद्वार रोडला खरेदी उरकतात. साथ आली की हा सगळा रिवाज गेटवर अडतो. आत सोडत नाहीत, फोन लागत नाही, डबा कुणाच्या हाती द्यायचा ते कळत नाही. सुरक्षारक्षकाशी होणारी निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

हे टिपण कोल्हापुरात पहिल्यांदाच पेशंट घेऊन येणाऱ्यांसाठी आहे. सिंधुदुर्गातून घाट चढून आलेले, सीमाभागातून आलेले, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेले, शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेले, अशा सगळ्यांसाठी. यातलं बरंचसं कोविडच्या काळात शिकायला मिळालेलं आहे. पुढची साथ वेगळी असेल, तिचे नियमही थोडे वेगळे असतील. दवाखान्याच्या दारावरचा त्या दिवशीचा फलक आणि जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा महापालिकेचा ताजा आदेश, शेवटी चालतं तेच. पण तयारी कशी करायची, ते फारसं बदलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गेटबाहेर दहा माणसं ताटकळण्यापेक्षा नीट तयारीनं उभा असलेला एकच माणूस पेशंटच्या जास्त उपयोगाचा असतो.

आधी दवाखाना समजून घ्या

कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ म्हटलं की सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी जोडलेलं आहे. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगू नका, ‘सीपीआर’ म्हणा. दसरा चौकातून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि टाऊन हॉलची बाग म्हणजे खूण. २०२० मध्ये याच सीपीआरचं कोविड रुग्णालय करण्यात आलं होतं. महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि आयसोलेशन हॉस्पिटल वेगळं, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय वेगळं आणि खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली.

हे सांगायचं कारण असं, की साथीत एखादा दवाखाना फक्त त्या आजाराच्या पेशंटसाठी राखून ठेवतात आणि तिथले नियम सगळ्यांत कडक असतात. बाकी आजारांच्या दवाखान्यात एका वेळी एक नातेवाईक, ठरलेल्या वेळेत, पास दाखवून, अशी सोय बहुतेक ठिकाणी चालू राहते. म्हणून गाडीत बसण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. हा दवाखाना साथीच्या पेशंटसाठी राखीव आहे का, आणि सोबत किती जण चालतील. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली असेल तर तिच्यातल्या डॉक्टरांनाही हेच विचारता येतं. पेशंटबरोबर गाडीत बसून चार जण आले आणि तिघांना रस्त्यावरच उतरवलं, हे दृश्य त्या काळात नेहमीचं होतं.

आजार कोणता यावरही बरंच ठरतं. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट होत नाही, डास चावल्यानं होतो. तिथं तुम्हाला अडवतात ते गर्दी नको म्हणून. कोविड किंवा फ्लूसारखा आजार श्वासातून पसरतो. कोविडमध्ये तर लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. म्हणजे ‘मला काही होत नाही, मी ठणठणीत आहे’ असं गेटवर सांगणारा माणूस खरं बोलत असतो, तरीही त्याला आत सोडता येत नाही. आणि भीती फक्त तुमच्याकडून आत जाण्याची नसते. वॉर्डातून आजार घेऊन तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं गावी गेलात, तर घरातल्या म्हातारीपर्यंत तो पोचवणारे तुम्हीच.

एक माणूस ठरवा, आणि तो नीट निवडा

ॲडमिट केल्या केल्या घरच्यांनी बसून हे ठरवायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा थोरला मुलगा किंवा घरातला कर्ता पुरुष पुढे होतो. साथीत हा हिशेब चुकतो, कारण कर्ता माणूस बऱ्याचदा पन्नाशी-साठीचा, शुगर-बीपीचा असतो. अशा माणसाला दवाखान्याच्या दारात दिवसदिवस उभं करू नका. गरोदर बाईलाही नको. पेशंटबरोबर एकाच घरात राहणाऱ्यांना तर जवळचा संपर्क म्हणून घरीच थांबायला सांगितलं जाऊ शकतं. त्यामुळे जवळचा पण वेगळ्या घरात राहणारा, तब्येतीनं धड, चालता फोन असलेला, मराठी लिहिता-वाचता येणारा आणि डोकं शांत ठेवणारा माणूस शोधा. पुतण्या असेल, भाची असेल, जावई असेल. लस उपलब्ध असेल तर ती घेतलेला असावा. त्याला स्वतःला ताप-खोकला आला तर जागा घ्यायला दुसरा एक जण आधीच सांगून ठेवा. त्याला रोज बोलवायचं काही कारण नाही.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पाणी. जुलै २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट इथं अजून ओसरायची होती आणि पंचगंगेला महापूर आला. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, गावागावांचे रस्ते पाण्याखाली गेले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात, हे आकडे इथलं शाळकरी पोरगंही सांगेल. पावसाळ्यात पेशंट ॲडमिट असेल तर ठरवलेला माणूस पाण्याच्या अलीकडे, म्हणजे शहरातच मुक्कामाला हवा. रोज शिरोळहून किंवा चिखलीहून ये-जा करू म्हणणारा ऐन वेळी अडकतो.

सही कोण करणार हाही प्रश्न याच बैठकीत मिटवा. ऑपरेशन, व्हेंटिलेटर, रक्त चढवणं यासाठी संमतीपत्रावर जवळच्या नात्यातल्याची सही मागतात. गेटवर पुतण्या असेल आणि मुलगा गावी असेल, तर दोघांचेही नंबर केसपेपरवर लिहून घ्या आणि निर्णय कोणाला विचारायचा ते सिस्टरना स्पष्ट सांगा.

एकटं राहणाऱ्यांनी, म्हणजे हॉस्टेलवरच्या मुलांनी आणि परराज्यातल्या कामगारांनी, हे आजारी पडण्याआधीच करून ठेवावं. खोलीतला सोबती, कंपनीचा सुपरवायझर, हॉस्टेलचे रेक्टर, यांपैकी एकाचा नंबर पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा. फोन लॉक असतो आणि माणूस शुद्धीत नसतो, तेव्हा चिठ्ठीच कामाला येते. कोणीच नसेल तर दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहेत का ते विचारा. सरकारी रुग्णालयात हे पद असतं आणि बेवारस किंवा एकट्या पेशंटचं बघणं त्यांच्या कामात येतं. गल्लीतल्या तालमीची, म्हणजे तरुण मंडळाची, पोरंही कोल्हापुरात अशा वेळी धावून येतात. आपल्या पेठेतली तालीम कुठली ते माहीत करून घ्यायला काही खर्च येत नाही.

पेशंटचं कागदावरचं नाव

ही बाब छोटी वाटते, पण गेटवर सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. ‘आमचे बाळूतात्या कुठं आहेत?’ असं विचारल्यावर मदत कक्षातला मुलगा काय सांगणार? त्याच्या यादीत दत्तात्रय असं नाव असतं. बायकांच्या बाबतीत तर आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं आणि सगळं गाव ओळखतं ते ‘आक्का’ म्हणून. केसपेपर काढताना आधारवर आहे तसंच नाव सांगा, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच वापरा. आडनावाचं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नको.

मग एका कागदावर लिहा: नाव, वय, आयपीडी नंबर (ॲडमिट केल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक), वॉर्ड, बेड, युनिटच्या डॉक्टरांचं नाव. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. बेड बदलला की नवा टाका. साथीत पेशंटला या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवणं सतत चालू असतं आणि ‘काल होता, आज बेडवर नाही’ म्हणून काळजाचं पाणी झालेले नातेवाईक मी मदत कक्षाशी पुष्कळ बघितलेत. पेशंट बहुतेक वेळा दोन दारं पलीकडे असायचा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, त्याच्याकडे पहिल्याच दिवशी जा. २०२३ मध्ये राज्य सरकारनं योजना सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आपला आजार आणि आपला दवाखाना त्यात बसतो का, ते आरोग्यमित्रच सांगेल, बाहेरचा एजंट नाही.

आत काय द्यायचं

एक गोष्ट मनाशी पक्की करा, की साथीच्या वॉर्डात गेलेली वस्तू परत येईलच असं नाही. स्टीलचा चांगला डबा, नवी शाल, किमती थर्मास आत पाठवू नका. वापरून टाकता येईल असा डबा, पातळ जुनी चादर, दोन टॉवेल, साबण, दात घासायचा ब्रश, पाण्याची बाटली, एवढं पुरे. प्रत्येक वस्तूवर कागदी पट्टी चिकटवून जाड मार्करनं नाव आणि बेड नंबर लिहा. पिशवीवरही लिहा.

लोक हमखास विसरतात ते म्हणजे चष्मा, दातांची कवळी आणि कानाचं मशीन. घाईघाईत म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालतात आणि या तिन्ही वस्तू घरी कोनाड्यात राहतात. मग आत काय होतं बघा. मास्क घातलेल्या डॉक्टरांचे ओठ दिसत नाहीत, कानाला ऐकू येत नाही, समोरचं धड दिसत नाही, जेवण चावत नाही. असा पेशंट दोन दिवसांत गोंधळतो, कुठं आहे ते त्याला उमजत नाही, नळ्या ओढतो. आपण म्हणतो आजार डोक्यात गेला. कवळीची डबी आणि मशीनचे जादा सेल त्याच पिशवीत घाला.

दागिने मात्र आतून बाहेर काढायचे. ॲडमिट करतानाच मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, अंगठी, चेन उतरवून घ्या आणि काय काय घेतलं ते कागदावर लिहून सिस्टरसमोर सही करा. ‘सौभाग्याचं लेणं कसं काढायचं’ म्हणून बायका अडतात. काळ्या मण्यांची साधी पोत ठेवू दे म्हणून विनंती करता येते, बऱ्याच ठिकाणी ऐकतात. सोनं ठेवून आत पाठवलं आणि नंतर सापडलं नाही, तर कुणाला धरणार?

फोन द्या, पण साधा. मोठी बटणं असलेला, आधी रिचार्ज मारलेला, घरच्या दोघा-तिघांचे नंबर एक आकड्यावर लावलेले, आणि चार्जर. कोविडच्या पहिल्या लाटेत कुठं कुठं पेशंटजवळ फोनच ठेवू देत नव्हते. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र पाठवून, वॉर्डात फोन आणि टॅबलेट वापरू द्यावेत, घरच्यांशी बोलण्यानं पेशंटला मानसिक आधार मिळतो, असं कळवलं. त्यामुळे कुणी सरसकट नाही म्हटलं तर शांतपणे कारण विचारा. अतिदक्षता विभागात मात्र खरोखर अडचण असू शकते.

एक्स्टेन्शन बोर्ड, किटली, इस्त्री असलं काही पाठवायचं नाही. उशाशी उदबत्ती, कापूर तर अजिबात नाही. भरपूर ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ठिणगी किती वेगानं पसरते, याचा विचार करा. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये आणि विरारला एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांत लागलेल्या आगी राज्यानं बघितल्या आहेत. अंबाबाईचं कुंकू किंवा अंगारा कागदाच्या पुडीत घालून उशीखाली ठेवायला सहसा कुणी हरकत घेत नाही. जोतिबाचा गुलाल नको, त्याची पूड उडते आणि तिथं आधीच श्वासाची मारामार असते.

आता जेवण. आपल्याकडे ताकद यावी म्हणून आजाऱ्याला मटणाचा पांढरा रस्सा पाजायची हौस दांडगी. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला तिखट, तेलकट, जड काही नको. त्याला चार घास खाण्यापुरता मास्क बाजूला करता येतो. मऊ भात, मुगाचं वरण, पातळ खिचडी, उकडलेलं अंडं, केळं, असं पटकन संपणारं द्या. शुगर असेल तर सिस्टरना विचारून. कापलेली फळं नकोत, शहाळ्याचं पाणी बाटलीत भरून आणू नका. काढे, हळदीचं दूध, कुणीतरी सांगितलेल्या गोळ्या लपवून आत धाडणं तर औषधांशी खेळ आहे. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं मात्र जरूर दाखवा. बीपीची गोळी कुठली, हे पेशंटला आठवत नसतं.

गेटवर उभं राहताना

मास्क नाकावर घट्ट बसणारा, वाऱ्याची झडप नसलेला. झडपवाला एन ९५ घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर सोडतो, म्हणून जुलै २०२० मध्ये केंद्रानं अशा मास्कविरुद्ध सूचना काढली होती. बोलताना मास्क हनुवटीवर आणू नका. नेमका बोलतानाच तो लागतो. हात साबणानं ४० ते ६० सेकंद धुवा, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळा आणि त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असल्याचं बाटलीवर बघा. घरी गेल्यावर कपडे साबणाच्या पाण्यात, अंघोळ, आणि फोन पुसून घेणं. एवढं पुरतं. भाजीला सॅनिटायझर फवारायची गरज तेव्हाही नव्हती.

‘आम्हाला पीपीई किट द्या, आम्ही आत जातो’ असं पुष्कळ जण म्हणतात. किट घालणं सोपं, काढणं अवघड. बाहेरून दूषित झालेला तो पोशाख अंगावरून उतरवताना हात कुठं लागतो, यातच बहुतेकांना लागण व्हायची भीती असते. म्हणून कर्मचाऱ्यांनाही ते शिकवावं लागतं, आणि म्हणून तुम्हाला सहजी देत नाहीत.

वॉचमनच्या हातात नोटा कोंबून किंवा नगरसेवकाचा फोन लावून आत घुसणं हे इथं नवं नाही. कोल्हापुरात कुणाचा ना कुणाचा वशिला प्रत्येकाकडे असतोच. साथीच्या वॉर्डात तो वापरलात तर बक्षीस म्हणून आजार मिळतो. वशिला वापरायचाच असेल तर रक्तदाते मिळवायला, मुक्कामाची सोय करायला वापरा. वॉर्डातल्या मावशींना, मामांना नावानं हाक मारा, डबा देताना दोन शब्द गोड बोला. आत तुमच्या माणसाला पाणी कोण पाजणार आहे? तेच.

खबर कशी मिळवायची

दर तासाला फोन करून काही हाती लागत नाही. सिस्टर फोन उचलत बसल्या तर सलाईन कोण बदलणार? बहुतेक ठिकाणी सकाळचा राऊंड झाल्यावर माहिती देण्याची वेळ ठरलेली असते. ती विचारून घ्या आणि त्या वेळी ठरलेल्या एकाच माणसानं बोलायचं. ‘पेशंट कसा आहे?’ असं विचारलं की ‘स्टेबल आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. ऑक्सिजन नाकातल्या नळीनं चालू आहे, मास्कनं, बायपॅपनं (घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) की व्हेंटिलेटरवर? मिनिटाला किती लिटर, आणि कालपेक्षा कमी की जास्त? रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण किती आहे? जेवतात का, लघवी होते का, शुद्धीत आहेत का? बाहेरून काही औषध आणायचं आहे का? उत्तरं तारखेसह वहीत लिहा. तीन दिवसांची पानं शेजारी ठेवली की माणूस कुठल्या दिशेनं चाललाय ते तुमचं तुम्हालाच दिसतं.

मग ते घरच्या ग्रुपवर एकदाच टाकायचं. आत्या, मावशी, चुलते, गावचे पाटील, सगळ्यांनी तिथंच वाचायचं. ‘आमाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून रुसणारा एक तरी निघणार, त्याची तयारी ठेवा.

व्हिडिओ कॉल जमला तर पेशंटला थकवू नका. दोन-तीन मिनिटं, एका वेळी एकच जण. रडणाऱ्याला फोन देऊ नका. गाय व्याली, ऊस तुटला, नातीला शाळेत बक्षीस मिळालं, असलं काहीतरी सांगा. त्याला घरचं ऐकायचं असतं, स्वतःच्या आजाराचं नाही.

कुणासाठी सवलत मागता येते

लहान मूल ॲडमिट असेल तर आई किंवा वडील सोबत राहू देतात. बाळंतिणीजवळ एक बाई. आईला लागण झाली असली तरी मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावं, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची कोविडमधली शिफारस होती, त्यामुळे बाळ लगेच वेगळं काढत असतील तर डॉक्टरांशी बोला. बोलता न येणारे, दृष्टिहीन, मतिमंद, विसरभोळे झालेले वृद्ध, यांच्याजवळ ओळखीचं माणूस असणं हे उपचाराचाच भाग आहे. अशा वेळी तोंडी हुज्जत घालू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा: पेशंट कोण, अडचण काय, सोबत कोण राहणार, आणि तो पूर्ण काळ आतच राहायला तयार आहे का. ‘पूर्ण काळ आत’ हे महत्त्वाचं, कारण आत-बाहेर करणारा सोबती कुणालाच परवडत नाही.

आणि तुमचेही काही हक्क आहेत. १९ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं कोविड रुग्णालयांबाबत आदेश देताना सांगितलं होतं, की पेशंटच्या एका नातेवाइकाला रुग्णालयाच्या आवारात, ठरवून दिलेल्या जागेत थांबू द्यावं, आणि प्रत्यक्ष येऊन किंवा फोनवर विचारपूस करता येईल असा मदत कक्ष असावा. हा आदेश त्या साथीपुरता होता. पण वॉर्डात जाऊ न देणं वेगळं आणि माणसाला काहीच न सांगणं वेगळं, हा फरक त्यात स्पष्ट आहे. मदत कक्ष कुठं आहे, हे विचारायला संकोचू नका.

राग येतोच. येऊ दे, पण हात उचलू नका, काच फोडू नका. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई होऊ शकते. १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं साथीच्या काळात ही शिक्षा ५ वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केली तर ७ वर्षांपर्यंत जाते. तक्रार असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. लेखी कागदाला उत्तर द्यावं लागतं, आरडाओरड्याला नाही.

वाईट घडलं तर

केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांत शेवटचं तोंड बघायला बंदी नव्हती. कर्मचाऱ्यांनी बॅगेची चेन उघडून चेहरा दाखवावा, लांबून मंत्र म्हणता येतील, पाणी शिंपडता येईल, अंगाला हात लागेल असं काही करू नये. म्हणजे अंघोळ नाही, मिठी नाही. अस्थी घेण्यात धोका नाही, हेही त्यात लिहिलेलं होतं. तेव्हा चेहरा दाखवा म्हणून विनंती करा. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. लोकांनी दान केलेल्या शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, तिथलं काम चालतं, हा कोल्हापूरचा जुना दिलदारपणा. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला बाजूला सारा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात झालेल्या मृत्यूची माहिती दवाखानाच पाठवतो, पण नावाचं अक्षर तिथून निघायच्या आधी तपासा.

घरी आणताना

डिस्चार्जच्या दिवशीही एकच माणूस आणि एक गाडी. हार, फटाके, गल्लीत स्वागत नको, घरी काही दिवस वेगळं राहायला सांगितलं असेल तर त्यावर पाणी पडतं. भेटायला येणाऱ्यांना आठवडाभर थांबायला सांगा. कुणी आलंच तर अंगणात खुर्ची टाकून लांबून बोलणं.

निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे सगळे अहवाल, बिलं, योजनेची मंजुरी आणि फेरतपासणीची तारीख ताब्यात घ्या. नंतर मागायला गेलं की तेच कागद महिनाभर हेलपाटे घालायला लावतात. कोविडमध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळाली, तेव्हाही आरटीपीसीआरचा अहवाल नाही म्हणून अनेकांना खेटे घालावे लागले. सगळ्या कागदांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा.